मदत हवी आहे: फाइलमध्ये अस्वल आहे, खेळात नाही

चिडका_बिबटा
कॉम्प्युटर गेमची डेटा फाइल उघडली तर आत अस्वलाचा (स्लॉथ बेअर, आपल्याकडचं) अख्खा फोल्डर. खेळात प्राण्यांच्या यादीत मात्र नाही. ऐनवेळी कापलेला प्राणी दिसतोय. परत कसा आणायचा? फोल्डर झिप करून टाकला, ढिम्म. जरा लवकर सांगा.

रानभूल
गेम कुठला ते कोण सांगणार? प्लॅनेट झू असेल तर मूळ खेळ नोव्हेंबर २०१९ चा, अस्वल डिसेंबर २०२३ च्या युरेशिया पॅकमध्ये (वेगळं विकत घ्यायची भर) आलं. पॅक घ्या, विषय संपला.

पाणघोडा_७
आधी कापायचं, मग विकायचं! रानकुत्र्याचं तेच, मार्च २०२१ च्या आग्नेय आशिया पॅकमध्ये.

रानभूल
उशिरा आला म्हणजे कापला असं होत नाही. मॉडेल आणि हालचाली तयार होऊन बाहेर राहिला तर कापला म्हणा. यादीत नुसतं नाव असणं हा पुरावा नव्हे.

चिडका_बिबटा
प्लॅनेट झू नाही हो, झू टायकून २. झिप केलं म्हटल्यावर कळायला हवं होतं.

फाइलफोड्या
मग आधीच सांगायचं ना. प्लॅनेट झूच्या ओव्हीएल फाइली अशा उघडत नाहीत.

झेड२एफ, म्हणजे झू टायकून २ ची डेटा फाइल, ही नाव बदललेली झिपच. तुमचं बहुधा दोनपैकी एक चुकलंय. वरचा फोल्डर धरून झिप केलं की आतला पत्ता 'अस्वल/एंटिटीज/...' असा होतो आणि खेळाला काही सापडत नाही. वरचा फोल्डर उघडून आतलं सगळं निवडा, मग झिप करा. झिप उघडल्यावर पहिल्याच पायरीला 'एंटिटीज' दिसलं पाहिजे. दुसरं, विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) लपवतं, त्यामुळे 'अस्वल.झेड२एफ' वाटणारी फाइल खरी 'अस्वल.झेड२एफ.झिप' असते. शेपूट दाखवायचा पर्याय चालू करून बघा.

पण मुळात ती फाइल खेळाचीच आहे कशावरून? चाहत्यांचे मॉडही (त्यांनी बनवून खेळात घातलेली भर) त्याच फोल्डरमध्ये पडतात. मूळ खेळ २००४ चा, प्राणी ३०, शेवटचं विस्तारपॅक २००७ चं, सगळं एकत्र असलेला संच २००८ चा. झिपच्या आतल्या फाइलींच्या तारखा बघा, बाहेरची डाउनलोडच्या दिवसाची असू शकते. बीएफबी (प्राण्याचं मॉडेल) आणि डीडीएस (कातडीचं चित्र) फाइली आहेत का तेही सांगा. नुसतं एक्सएमएल, म्हणजे मजकुराची फाइल, असेल तर परत आणायला काही नाहीच.

जुनाखेळ
पहिल्या झू टायकूनमध्ये कुंपणाला इंग्रजीत 'क्रेटेशस पार्क' नाव द्या, ट्रायसेराटॉप्स हा डायनासोर खुला होतो. 'झनाडू' लिहिलं तर युनिकॉर्न.

फाइलफोड्या
विचारलंय कोणी?

वाळवीभक्त
अवांतर: अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून वाळवी ओढतं. खेळवाले हे दाखवतील तर शपथ.

चिडका_बिबटा
आतल्या तारखा २०१३. बीएफबी, डीडीएस दोन्ही आहेत. म्हणजे मॉडच ना? मग दिसत का नाही?

फाइलफोड्या
मॉडच. बरेच मॉड विस्तारपॅकमधल्या हालचाली उसन्या घेतात, पॅक नसेल तर प्राणी येत नाही. सोबत वाचा-फाइल असेल, त्यात कुठलं पॅक लागतं ते बघा. तुमच्याकडे कुठली आहेत?

चिडका_बिबटा
एकही नाही. सांगायचं राहिलं.

रानभूल
म्हणूनच म्हटलं, प्लॅनेट झूचं युरेशिया पॅक घ्या.