पाच वर्षं पडून असलेली बोट, दोन इंजिनांसकट: घ्यावी का?

फुगवट्याकाठचा

राम राम मंडळी. आमचं रान गिरणाऱ्याजवळ, गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून. चुलत्यांचा मळा पलीकडच्या काठाला. मधे पाणी, त्यामुळे हाक मारली तर ऐकू येते आणि गाडीने जायचं तर पाऊण तास मोडतो. गेल्या पावसाळ्यात रात्री चुलतीला घोणस चावली. नाशिकला नेली, देवाच्या दयेने वाचली. पण गाडी फिरून पोहोचेपर्यंत पलीकडे हलणारा तो बॅटरीचा उजेड अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून बोट घ्यायचं पक्कं केलंय.

अंबडला एका शेडमध्ये १८ फुटी फायबरची बोट आहे. मागे ४० एचपीचे दोन टू-स्ट्रोक आउटबोर्ड. आधी मुरूडला पर्यटकांसाठी चालायची, २०२० च्या लॉकडाउनपासून ताडपत्रीखाली. मालक ४ लाख म्हणतो, इंजिनं फार चाललेलीच नाहीत म्हणून नव्यासारखी आहेत. मी टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशचा वास आला. रविवारी या, बॅटरी लावून जागेवरच चालू करून दाखवतो म्हणाला. ट्रॅक्टर, ब्लोअर मी घरीच उघडतो, पण पाण्यातल्या इंजिनाला कधी हात लावलेला नाही. काय काय बघू?

हर्णैकर (मुक्काम सातपूर)

दादा, आधी त्याला फोन करा आणि सांगा, रविवारपर्यंत किल्लीला हात लावू नका.

हे इंजिन खालून पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. ते पाणी वर चढवतो रबराचा इम्पेलर. पाच वर्षं एकाच जागी दबून त्याच्या पाकळ्या वाकड्या आणि कडक झालेल्या असतात. कोरडं चालवलंत तर काही सेकंदांतच ते रबर जळायला लागतं. शिवाय सिलेंडरमध्ये गंज धरला असेल, रिंगा चिकटल्या असतील, तर स्टार्टरच्या पहिल्याच झटक्यात भिंतीवर ओरखडे. तुमच्यासमोर इंजिन सुरू होईल, आवाजही करेल आणि महिन्याभरात बसेल.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी वरचं कव्हर काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर पुढे जा. अडलं तर जोर लावू नका, ते इंजिन भंगाराच्या भावानेच धरा. मग प्लगच्या भोकाला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावा. आकडा किती यापेक्षा एकाच इंजिनाच्या दोन सिलेंडरांत फरक किती, ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत हवा.

नंतर खालच्या गिअरचा स्क्रू सैल करून ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर सील गेलंय, पाणी आत शिरलंय. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं आणि पाणी घेऊन तळाला बसतं. ते पेट्रोल इंजिनात जाऊ द्यायचं नाही. कार्ब्युरेटर उघडून धुवावे लागणारच, होज बदलावे लागणारच.

मुरूडचं इंजिन म्हणजे खाऱ्या पाण्याचं. ठेवण्याआधी गोड्या पाण्याने धुतलं होतं का, हे मालकाला सरळ विचारा. मीठ आत राहिलं असेल तर पाण्याच्या वाटा आतून खाल्लेल्या असतात, बाहेरचा रंग चकचकीत असला तरी. थर्मोस्टॅटचं, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेवरच्या झडपेचं, झाकण उघडलंत की कळेल.

नवा इम्पेलर बसवल्यावरच चालू करा, तेही खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून. मागच्या भोकातून धार पडली पाहिजे. नाही पडली तर लगेच बंद.

पेठरोड फायबरवाला

इंजिनांच्या नादात मागची फळी, जिच्यावर इंजिनं बोल्टने बसवलेली असतात ती, विसरू नका भाऊ. फायबरच्या आत बहुतेकदा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी मुरलं की आतून कुजतं. लाकडी हातोडीने ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर कुजलंय. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा, फळी हलताना दिसली तर बोट सोडून द्या.

गंगापूररोडवाली

तुमची अडचण खरी आहे, म्हणूनच सांगते. ते धरण नाशिकच्या पिण्याच्या पाण्याचं आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळतं आणि न जळलेलं धुरासोबत पाण्यातच जातं. शिवाय २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी लागते. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आणि धरणात उतरवण्याबद्दल जलसंपदा विभागाकडे आधी लेखी विचारा, पैसे नंतर द्या. आणि एवढ्याशा पाण्याला दोन इंजिनं कशाला? एकच पुरे, तेही अडीअडचणीलाच काढा. लाइफ जॅकेट माणसागणिक घ्या.

फुगवट्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. हर्णैकर दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. मालक आधी कुरकुरला, मग स्वतःच पाना घेऊन बसला.

कॉम्प्रेशनचे आकडे असे. उजवं इंजिन: ११५ आणि ११०. डावं: ११० आणि ६०. डाव्याचं गिअर ऑइल टपरीवरच्या चहासारखं निघालं. बरणीत तासाभराने तळाला बोटभर वेगळा थर दिसला, मालकही बघत राहिला. धुण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, आठवत नाही. उजव्याचं थर्मोस्टॅट उघडलं, पांढरा थर होता पण धातू शाबूत. फळी टणटण वाजली.

ताईंचं पटलं. दोन्हीकडे अर्ज दिलेत, उत्तर आलेलं नाही. फक्त उजव्या इंजिनासकट बोट १ लाख ९० हजारांत ठरली. विसार १० हजार दिलाय, परवानगी नाही मिळाली तर परत, असं कागदावर लिहून घेतलंय.

इम्पेलर बदलून काल ड्रममध्ये चालू केलं. धार चांगली पडते, पण ॲक्सिलरेटर कमी केला की इंजिन बंद पडतं. कार्ब्युरेटर दोनदा धुतलाय. दादा, स्लो जेट (कार्ब्युरेटरमधला, इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा) तारेने साफ केला तर चालेल, की भोक मोठं होईल?

हर्णैकर (मुक्काम सातपूर)

तार नको! क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि हवा मारा. तरी नाही उघडला तर नवाच टाका. रविवारी मी मोकळा आहे, अंबडला येतो.