विषय: आईला इकडे आणतेय, विमानात बसवण्या-उतरवण्याबद्दल विचारायचंय

सभासद, एडिसन

नमस्कार मंडळी,

आईला ऑक्टोबरमध्ये इकडे अमेरिकेत आणायचं एकदाचं ठरलंय. दोन वर्षांपूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. बोलणं आता बरंच सुधारलंय, उजव्या हाताने स्वतःची जेवते, पण पाऊल टाकता येत नाही, पलंगावरून खुर्चीत घ्यायचं तरी दोन माणसं लागतात. तिला आणायला मी स्वतः जातेय, पुण्याहून मुंबईला गाडीने आणि तिथून डायरेक्ट फ्लाईट.

ट्रॅव्हल एजंट म्हणतो "व्हीलचेअर टाकलीय मॅडम, काळजी करू नका". पण माझ्या सासऱ्यांच्या तिकिटावरही व्हीलचेअरच होती आणि ते विमानाच्या दारात खुर्चीतून उठून आपले चालत सीटवर जाऊन बसले, आईचं तसं होणार नाहीये ना. दारापासून सीटपर्यंत तिला कोण नेणार, कसं नेणार, आणि सोळा तास टॉयलेटचं काय करायचं, हे कुणी नीट सांगतच नाही. आई तर रोज फोनवर म्हणते, "नको गं, माझ्यापायी सगळ्यांची फरफट." कुणी अशा पेशंटला आणलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

---

सभासद, ह्यूस्टन

ताई, तुमचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. माझी बायको अकरा वर्षं पॉवर चेअरवर आहे, दर दोन वर्षांनी नागपूरला जातो, त्यामुळे यातलं बरंचसं ठेचा खाऊन शिकलोय.

पहिलं काम, एजंटला विचारा की तिकिटावर कुठला कोड टाकलाय. तीन असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण जिना चढता येतो आणि विमानात आपल्या पायांनी जाता येतं. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही पण विमानाच्या आत चालता येतं. आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं, अजिबात चालता येत नाही. आईंना हा शेवटचा सी पाहिजे. आर पडला असेल तर खुर्ची दारापर्यंत येते आणि तिथे ढकलणारा मुलगा म्हणतो "चला आजी, उठा", आयल चेअर (ती काय ते पुढे सांगतो) आणलेली नसते, उचलायला माणसं नसतात, मागे लाईन लागलेली असते, आणि ती सगळी धावपळ आईंच्या डोळ्यांदेखत चालते. म्हणून एजंटवर सोडू नका, एअरलाईनला स्वतः फोन करा आणि नुसतं "व्हीलचेअर पाहिजे" म्हणू नका, सरळ सांगा की पेशंट उभी राहू शकत नाही, डावा हात-पाय हलत नाही, आयल चेअर पाहिजे आणि उचलायला दोन माणसं पाहिजेत, विमानात ऑनबोर्ड व्हीलचेअर, म्हणजे उडताना आत वापरायची खुर्ची, आहे ना ते पण नोंदवून घ्या. ४८ तास आधी कळवायचं असं डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक खात्याच्या नियमात आहे, पण मी आठवडाभर आधी एक आणि आदल्या दिवशी एक असे दोन फोन करतो आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवतो.

आयल चेअर म्हणजे विमानाच्या बोळातून जाईल अशी अगदी अरुंद, पट्ट्यांची खुर्ची, पहिल्यांदा बसताना माणूस घाबरतो, तेव्हा आईंना आधीच फोटो दाखवा. सीट आयलचीच मागा पण ज्या रांगेत आयलकडचा आर्मरेस्ट वर होतो तीच मागा, नाहीतर दांड्यावरून उचलून टाकावं लागतं. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे निम्म्या तरी आयल सीट्सना तो वर होणारा असावा लागतो. त्याचा खटका आर्मरेस्टच्या खाली मागच्या अंगाला लपलेला असतो आणि क्रूमधल्या सगळ्यांना तो माहीत नसतो, स्वतः चाचपून शोधा. अगदी पुढची मोकळी रांग छान वाटते पण तिथे ट्रे आर्मरेस्टमध्येच असतो म्हणून तो बहुतेक वेळा पक्का असतो. डावा हात आतल्या बाजूला, तुमच्याकडे येईल अशी सीट घ्या, म्हणजे ट्रॉली लागणार नाही. आणि उचलणाऱ्यांना आधी बजावा की डावा हात धरून ओढायचा नाही, लकव्याचा खांदा ढिला असतो, तो निसटतो.

टॉयलेटचं. क्रूने ऑनबोर्ड व्हीलचेअरवरून टॉयलेटच्या दारापर्यंत न्यायला मदत करायची असा नियम आहे, पण आतली मदत, उचलणं, भरवणं, औषध देणं हे त्यांचं काम नाही, ते तुम्हालाच करावं लागणार. आम्ही चांगल्या प्रतीचे डायपर, बदलायला एक चादर, आणि दोन जास्तीचे कपड्यांचे सेट हातातल्याच बॅगेत ठेवतो. आई जायला नको म्हणून पाणी पिणंच बंद करतील, सगळे तेच करतात, ते करू देऊ नका. पायात गुठळी होऊ नये म्हणून मोजे वगैरे काय ते डॉक्टरांना विचारून घ्या.

कुठेही अडलं तर एकच शब्द लक्षात ठेवा, सीआरओ, कम्प्लेंट्स रिझोल्यूशन ऑफिशियल, म्हणजे अशा तक्रारी सोडवणारा एअरलाईनचा माणूस. अमेरिकेचा एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्ट १९८६ चा आहे आणि २००९ पासून अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या परदेशी एअरलाईन्सच्या फ्लाईट्सनाही त्याचे नियम लागू झालेत, त्यात प्रत्येक एअरलाईनने असा माणूस एअरपोर्टवर किंवा फोनवर ठेवलाच पाहिजे. ज्याला स्वतः हलता येत नाही अशा माणसाला एअरपोर्टच्या खुर्चीत ३० मिनिटांपेक्षा जास्त एकटं सोडायचं नाही हेही त्यातच आहे.

आईंची स्वतःची खुर्ची आणणार असाल तर चेक-इनला देऊन टाकू नका, विमानाच्या दारात द्या आणि दारातच परत मागा. उशी आणि फूटरेस्ट काढून वर घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा. आमच्या खुर्चीचा जॉयस्टिक एकदा मोडून आला, बायको पाच आठवडे घरात पडून होती. पाय मोडल्यासारखंच आहे ते, सामानाचं नुकसान नाही. आणि अमेरिकेच्या आतल्या फ्लाईटला खुर्चीची पूर्ण मूळ किंमत द्यावी लागते, पण भारताच्या फ्लाईटला माँट्रियल करार, म्हणजे विमान प्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार लागतो, त्याची मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आयएमएफचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर, आणि आमची खुर्ची त्याच्या दहापट किमतीची. चेक-इनला जास्तीची किंमत लेखी जाहीर करता येते, ती आम्ही आता दर वेळी करतो.

एक राहिलं. ज्या आई-वडिलांना चालता येतं पण इंग्रजी येत नाही म्हणून आपण व्हीलचेअर टाकतो ना, ते कृपा करून थांबवूया. त्यांच्यासाठी मीट अँड असिस्ट, म्हणजे एअरपोर्टवर सोबत करणारा माणूस, मागता येतं.

---

सभासद, फ्रीमाँट

दादा, माहिती फार मोलाची दिलीत पण शेवटच्या मुद्द्याला मला उत्तर द्यावंसं वाटतंय. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, सातारच्या, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. गुडघे दुखतात पण घरात चालतात. मधल्या एअरपोर्टवर टर्मिनल बदलायचं, ट्रेन पकडायची, बोर्ड वाचायचे, हे त्यांना कसं जमलं असतं? मीट अँड असिस्ट मीही मागितलं होतं, एका एअरलाईनने त्याचे वेगळे पैसे सांगितले आणि दुसरीने "आमच्याकडे व्हीलचेअरच घ्या" असं स्वतःहून सांगितलं. मग आम्ही काय करायचं? त्या दिवशी ढकलणाऱ्या मुलाने त्यांना हात धरून गेटवर बसवलं म्हणून त्या सुखरूप पोचल्या, त्या अजून त्याची आठवण काढतात. खुर्च्या कमी पडतात तर एअरलाईनने माणसं वाढवावीत, म्हाताऱ्यांना का बोलायचं.

---

सभासद, टोरांटो

मी काय लिहावं असा विचार करत दोन दिवस घालवले. मला पोलिओ झाला दीड वर्षाचा असताना, कॅलिपर आणि कुबड्यांवर साठी ओलांडली.

फ्रीमाँटच्या ताई, तुमच्या सासूबाईंनी खुर्ची घेतली यात काहीच चुकलं नाही, ७४ व्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनी दोन किलोमीटर चालायचं म्हणजे त्यांचा तो हक्कच आहे, त्यांचा कोड आर. दादा म्हणतात तेही खरंच आहे, फक्त ते ठणठणीत माणसांबद्दल आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेले ८० वर्षांचे गृहस्थ तुम्हाला आठवत असतील. दोघा नवरा-बायकोंनी खुर्ची सांगितली होती, आली एकच, बायकोला बसवून ते मागे चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. डीजीसीएने त्या एअरलाईनला ३० लाखांचा दंड केला. ती बातमी वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो, कारण मीही अशा वेळी "राहू दे, चालतो मी" असंच म्हणालो असतो. आपण आयुष्यभर तेच म्हणत आलोय.

म्हणून एडिसनच्या ताईंना सांगतो, आईंच्या तोंडचा तो "फरफट" शब्द आता सोडायला लावा. त्यांना जीजा घोष यांची गोष्ट सांगा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कोलकात्याच्या कार्यकर्त्या, १९ फेब्रुवारी २०१२ ला गोव्याला निघाल्या होत्या, मुंबईच्या अडॅप्ट संस्थेने तिथे परिषद ठेवली होती तिला. सीटवर बसल्यानंतर त्यांना उतरवलं, का तर त्या आजारी दिसतात. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि मे २०१६ मध्ये कोर्टाने १० लाखांची भरपाई द्यायला लावली. पुढे २०२२ च्या मे महिन्यात रांचीला एका अपंग मुलाला चढू दिलं नाही, त्या एअरलाईनला ५ लाख दंड झाला आणि जुलैत डीजीसीएने नियम बदलला, की नुसत्या अपंगत्वावरून कुणाला नाकारता येणार नाही, तब्येतीची शंका असेल तर एअरपोर्टवरच्या डॉक्टरने प्रवाशाला प्रत्यक्ष तपासलं पाहिजे. आईंची तब्येत आता स्थिर आहे असं डॉक्टरांचं पत्र बरोबर असू द्या, मागतीलच असं नाही, पण असू द्या.

---

सभासद, एडिसन

सगळ्यांना नमस्कार, परवा रात्री आई घरी आली!

आधी एजंटचं, त्याने खरंच आर टाकला होता. मी एअरलाईनला फोन करून सी करून घेतला, सीट बदलून घेतली, दादांनी सांगितल्याप्रमाणे दोनदा फोन केले. तरीसुद्धा निघताना विमानाच्या दारात आयल चेअर नव्हती. एक जण आईला काखेत हात घालून उचलायला वाकला, दुसऱ्याने डावा हात धरला, आणि मी जोरात "थांबा" म्हणाले, इतक्या जोरात की मलाच कळेना मी बोलले. मग सीआरओंना बोलवा म्हटलं. समोरच्याचा चेहरा बदलला, त्याने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं, आणि वीस मिनिटांनी आयल चेअर आणि दोन माणसं आली. त्यातला एक मोठा होता वयाने, त्याने खाली बसून आईला विचारलं, "आई, कुठल्या बाजूने धरू?" दोन वर्षांत बाहेरच्या माणसाने पहिल्यांदाच तिला विचारलं, मला नाही. आईने सांगितलं, उजवीकडून धर बाळा. मग सगळं नीट झालं.

आर्मरेस्टचा खटका मीच शोधला, बरोबर खाली मागच्या बाजूला होता. टॉयलेटला दोनदा गेलो, एअर होस्टेसने न कुरकुरता खुर्ची आणली, आतलं माझं मी केलं, जागा फार अपुरी, कोपर सोलवटलं. पाणी पाजलं दर दोन तासांनी, भांडून. तिची खुर्ची मात्र इकडे दाराशी आली नाही, बेल्टवर आली, एक फूटरेस्ट वाकडा झालाय. फोटो होते म्हणून तिथेच तक्रार लिहून दिली.

टोरांटोचे काका, तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं होतं. तिने ते दोनदा वाचायला लावलं. विमानात मध्येच म्हणाली, "ती गोव्याची बाई गेली का मग गोव्याला?" मला सांगता येईना.

आता विचारायचंय ते हे, परतीचं तिकीट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातलं आहे आणि त्या वेळी मला सुट्टी नाही, भाऊ येईल न्यायला. त्याला पलंगावरून खुर्चीत घ्यायची सवय नाही. न्यू जर्सीत कुणाकडे ट्रान्सफर बोर्ड (पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी) पडून असेल तर सांगा, आत्तापासून घरात त्याच्यावर सराव करवून घेते आईकडून, आणि भाऊ आला की त्याच्याकडूनही.