मदत हवी आहे: टर्बो पेट्रोल इंजिनच्या पिस्टन रिंगांचा गॅप किती ठेवू? (१.८ टर्बो, बेळगाव)

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. बाबांची २००५ सालची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हची टर्बो पेट्रोल. सध्या इंजिन उतरवून घरामागच्या शेडमध्ये खोलून ठेवलंय. पिस्टनच्या रिंगेचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, किती ठेवायची या एका आकड्यावर गाडं अडलंय आणि विचारलेल्या तीन माणसांनी तीन वेगळे आकडे सांगितलेत.

आधी मागची हकिकत सांगतो, म्हणजे मी एवढा का घाबरलोय ते कळेल. अडीच वर्षांपूर्वी हेच इंजिन एका गॅरेजमध्ये पूर्ण बांधून घेतलं होतं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं. जेमतेम चार हजार किलोमीटर झाले. गोव्याहून परत येताना चोर्ला घाट चढत होतो, गाडीत चौघे आणि सामान. निम्म्या चढावर ताकद गेली आणि मागे निळा धूर. डिपस्टिक इंजिनच्या तळात कोंडलेल्या गॅसच्या दाबानं वर उचलली गेली होती. गाडी टो करून घरी आणली. खोलल्यावर तीन नंबरच्या सिलिंडरची वरची रिंग दोन तुकड्यांत, पिस्टनवरच्या रिंगेच्या खाचेची भिंत तुटलेली आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या गोल भिंतीला, उभे ओरखडे. ते इंजिन बांधताना रिंगांचा गॅप कुणी मोजलाच नव्हता, हे नंतर विचारल्यावर समजलं. रिंगा पाकिटातून काढल्या आणि चढवल्या.

आता स्वतः करायलोय. सिलिंडरचा ब्लॉक उद्यमबागेत (आमची औद्योगिक वसाहत) बोअर करून मूळच्या ८१ वरून ८१.५ मिमीवर नेला. फोर्ज्ड पिस्टन आणले, रिंगा त्यांच्यासोबतच आल्या. बूस्ट, म्हणजे टर्बोनं आत रेटलेल्या हवेचा दाब, कंपनीच्या सेटिंगपेक्षा वाढवून साधारण १ बार ठेवायचा विचार आहे. शर्यत वगैरे काही नाही. बेळगाव-गोवा, बेळगाव-कोल्हापूर एवढीच धाव.

रिंगा बोअरमध्ये घालून फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजल्या. वरच्या रिंगेचा गॅप, मिमीमध्ये: एक नंबर ०.३०, दोन ०.२९, तीन ०.३३, चार ०.३०.

आमचे मिस्त्री म्हणतात कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ०.२० ते ०.४० आहे, म्हणजे सगळं हद्दीत आहे, हात लावू नकोस. त्यांनी आयुष्यभर इंजिनं बांधलीत, त्यांचा शब्द मी सहज मोडणार नाही. पिस्टनसोबतच्या कागदावर मात्र बोअरला गुणायचे आकडे दिलेत. साध्या वापराला ०.००४५, मध्यम टर्बोला ०.००५०, शर्यतीच्या बूस्टला ०.००६०. म्हणजे माझ्या बोअरला ०.३७, ०.४१ किंवा ०.४९. आणि फोंड्याचा एक मित्र म्हणतो, खुशाल ०.५५ ठेव, विषय संपला.

यातला माझा आकडा कुठला? आणि का, तेही सांगा. नुसता आकडा मिळाला तर पुढच्या वेळी पुन्हा इथंच उभा असेन.

निपाणीकर:
भावा, माझ्या डिझेल गाडीलाही टर्बोच आहे. दोन वर्षांमागं मॅन्युअलप्रमाणं ०.३० ठेवून बांधली, तवंदी घाटात रोज चढ-उतार आहे, काही झालं नाही. गॅप वाढवलास की कॉम्प्रेशन खाली जाणार आणि तेल खाणार. मिस्त्री बरोबर सांगायलेत.

उद्यमबागेतला जुना हात:
मी चौतीस वर्षं बोअरिंग मशीनवर काढली, आता घरी असतो. निपाणीकर, तुमच्या गाडीचा बूस्ट आणि पिस्टन कंपनीचेच आहेत, म्हणून कंपनीचा आकडा तुम्हाला लागू पडतो. या मुलानं दोन्ही बदललंय.

बाळा, सल्ला देण्याआधी दोन गोष्टी विचारतो. एक, ती तुटलेली रिंग ठेवलीयस का? तिची दोन्ही तोंडं, म्हणजे जिथं गॅप असतो ती टोकं, उजेडात धरून बघ. काळपट कार्बन धरलेली आहेत की घासून चकचकीत झालीत? दुसरं, गॅप किती खोलीवर मोजलास? एकाच जागी की वर-मध्ये-खाली?

धागाकर्ता:
काका, रिंग डबीत ठेवलीय. आत्ता बघून आलो. दोन्ही तोंडं आरशासारखी चमकतात, एका टोकाला बारीक कडही वळलीय. गॅप फक्त वरून एक इंच खाली मोजला होता. आता तीन ठिकाणी मोजतो.

धागाकर्ता (त्याच रात्री):
मोजलं. एक, दोन आणि चार नंबरला वर-मध्ये-खाली जास्तीत जास्त ०.०१ चा फरक. तीन नंबरला वर ०.३३, मध्ये ०.३०, खाली ०.२७. दोनदा मोजलं, पिस्टन उलटा घालून रिंग सरळ बसवली होती. हे एवढं कसं?

उद्यमबागेतला जुना हात:
आता सविस्तर लिहितो.

तोंडं चमकतात याचा अर्थ ती एकमेकांना भिडली होती. नॉकिंगमुळे (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांमुळे) पिस्टनची भिंत तुटली असती तर टोकांवर कार्बन दिसला असता. तुझी रिंग गरम होऊन वाढली, वाढायला जागा संपली, टोकाला टोक लागलं. मग ती बाहेरच्या दिशेनं बोअरवर रेटते. तेलाचा थर फाटतो, ओरखडे पडतात, आणि अडकलेली रिंग पिस्टनची भिंत तोडते.

हिशेब असा. ८१.५ च्या बोअरचा परीघ २५६ मिमी. बीडाचं लोखंड दर अंश सेल्सियसला स्वतःच्या लांबीच्या सुमारे ०.००००११ पट वाढतं. समजा घाटात रिंग २०० अंशांनी तापली: २५६ गुणिले ०.००००११ गुणिले २००, म्हणजे ०.५६ मिमी वाढ. बोअरही तापतो, पण त्याच्यामागं पाणी फिरतं. तो ८० अंशांनी तापला तर परीघ ०.२२ नं वाढतो. उरला फरक ०.३४. तुझा गॅप ०.३० आहे. तो संपला.

कंपनीच्या बूस्टला हाच तापमानाचा फरक बराच कमी असतो, म्हणून त्यांचा ०.२० ते ०.४० चालतो. आकडा पुस्तकात असला तरी तो ठरतो उष्णतेवर. आणि तुझा वापर रस्त्यावरचा असला तरी सौम्य समजू नकोस. सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग शर्यतीची गाडी दहा-पंधरा सेकंद पूर्ण बूस्टवर असते. तू चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या केरीपासून वर चढताना किती मिनिटं सलग बूस्टवर असतोस ते आठव. म्हणून कागदावरच्या मधल्या ओळीपेक्षा जरा वर जा. वरची रिंग ०.४५, आमच्या भाषेत १८ थाऊ (इंचाचे हजारांश). दुसरी रिंग ०.५०. तिचा गॅप वरच्यापेक्षा मोठाच हवा. पहिल्या रिंगेतून निसटलेला गॅस दोघींच्या मध्ये कोंडला तर तो वरच्या रिंगेला तिच्या बैठकीतून उचलतो. दुसरीचं मुख्य काम तेल खरवडायचं आहे, तिला जागा दिली म्हणून काही बिघडत नाही. तेलाच्या रिंगेच्या पातळ पट्ट्या ०.३८ पेक्षा कमी नकोत.

गॅप थोडा जास्त झाला तर थोडा ब्लो-बाय, म्हणजे रिंगांमधून खाली निसटणारा गॅस, वाढेल, तो बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीत तेल जरा जास्त दिसेल. कमी झाला तर काय होतं ते तू घाटात बघितलंयस. पण ०.५५ तुला लागत नाही, १ बारसाठी ते उगाच आहे.

आता तीन नंबर. थांब, गॅप वाढवायला रिंग घासायची आहे, पण कानस हातात घेऊ नकोस अजून. गॅपमधला फरक भागिले ३.१४ केला की व्यासातला फरक मिळतो. ०.०६ भागिले ३.१४, म्हणजे ०.०१९. तुझा ताजा बोअर खाली १९ मायक्रॉननं अरुंद आहे. रिंगेनं तुला मोफत बोअर गेजचं काम करून दिलंय. ब्लॉक परत ने, होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) पुन्हा कर, आणि वर जाड प्लेट हेडच्या टॉर्कनं, म्हणजे हेडचे बोल्ट जेवढ्या जोरानं आवळतात तेवढ्याच जोरानं, आवळून कर. हेड आवळलं की बोअरचा आकार बदलतो, मोकळ्या ब्लॉकमधला गोल बोअर बांधल्यावर गोल राहत नाही. होनिंगनंतर पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा) कागदातल्या हद्दीत आहे ना तेही बघ. आधी रिंगा घासल्यास आणि मग होनिंग केलंस तर गॅप वाढलेला मिळेल. बोअर ०.०१ मोठा झाला की गॅप ०.०३ नं वाढतो.

निपाणीकर:
काका, हे भागिले ३.१४ वालं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझा आधीचा सल्ला मागे घेतो. दादा, काकांचं ऐक.

धागाकर्ता:
काका, मनापासून आभार. ब्लॉक आजच परत नेला. बोअरिंगवाल्यांना आकडे दाखवले, त्यांनी डायल गेजनं तपासून मान्य केलं. प्लेट नव्हती, ती बनवून घेतोय. रिंग घासायचं मशीन माझ्याकडे नाही. साध्या कानशीनं जमेल का?

खानापूरकर:
जमतं, मी दोन इंजिनं तशीच केलीत. बारीक कानस व्हाइसमध्ये उभी पकडायची आणि रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना लावून रिंग ओढायची. घासायची फक्त बाहेरून आत, उलट कधीच नाही. बाहेरच्या कडेला क्रोम किंवा मॉलीचा थर असतो, आतून बाहेर घासलं की त्याचा टवका उडतो. एकच टोक कानशीला लावून घासलं तरी चालतं, दुसरं कंपनीचं सरळ राहू दे, तुलनेला उपयोगी पडतं. दर चार-पाच ओढींनंतर बोअरमध्ये घालून मोज. शेवटचे ०.०५ उरले की हात हळू. काढलेलं परत लावता येत नाही. टोकं समांतर आहेत का ते रिंग दाबून उजेडापुढं धरून बघ. शेवटी ऑइल स्टोननं बारीक कड मोड.

आणि ब्लॉक आणि रिंगा एकाच खोलीत रात्रभर ठेवून सकाळी मोज. उन्हातला ब्लॉक आणि घरातली रिंग असं केलं की आकडा फसवतो. कुठली रिंग कुठल्या सिलिंडरची ते पाकिटांवर लिही, अदलाबदल झाली तर सगळी मेहनत वाया.

धागाकर्ता (अकरा दिवसांनी):
उशीर झाला, प्लेट व्हायला वेळ लागला. होनिंगनंतर तीन नंबरला वर-मध्ये-खाली फरक ०.०१ च्या आत आला. पिस्टनचा क्लिअरन्स चारही ठिकाणी हद्दीत. दोन संध्याकाळी बसून रिंगा घासल्या. वरच्या: ०.४५, ०.४४, ०.४५, ०.४५. दुसऱ्या: ०.५०, ०.५१, ०.५०, ०.५०. मिस्त्रींना बोलावून सगळं दाखवलं, हिशेबही समजावला. त्यांनी स्वतः गेज घालून चारही मोजले आणि म्हणाले, पिस्टन घालताना मी येतो.

बोअर साबणाच्या गरम पाण्यानं धुतला, मग पांढऱ्या फडक्यावर तेल घेऊन पुसतोय. पाचवं फडकं अजून करडं निघालं. एक शेवटचं विचारतो: गॅपची तोंडं कुठल्या दिशेला ठेवू?

उद्यमबागेतला जुना हात:
फडकं पांढरं निघेपर्यंत पुसत राहा, होनिंगची भुकटी रिंगा खाते. तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर ठेव. रिंगेवरची खूण किंवा टॉप लिहिलेली बाजू वर. धावताना रिंगा थोड्या फिरतातच, तेव्हा अंश मोजत बसू नकोस, फक्त तीन तोंडं एका रेषेत नकोत. मिस्त्री येतायत ते बरं झालं. रिंगा दाबताना दोन हात कमीच पडतात.

धागाकर्ता:
सातवं फडकं पांढरं निघालं. रविवारी सकाळी पिस्टन घालतोय. गाडी सुरू झाली की चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे इथे टाकतो.