डोक्याला मार लागल्यानंतर न्यूरोसायकॉलॉजिस्ट निवडताना काय बघावं?

मृगजळ: दादाला बाइकवरून पडून डोक्याला मार लागला. जीसीएस (शुद्धीचा स्कोअर, १५ पैकी) १४, एमआरआय नॉर्मल. आता कामावर दोन गोष्टी एकदम आल्या की गोंधळतो, घरी चिडतो, ब्रेकचा आवाज आला की दचकतो, झोप नाही. न्यूरोलॉजिस्टनी न्यूरोसायकॉलॉजिस्ट (स्मरण, लक्ष, वागणं यांवर मेंदूचा काय परिणाम झालाय ते चाचण्यांनी बघणारे) गाठायला सांगितलंय. दोन नावं आहेत. एक बाई मेंदू-इजेच्या पुनर्वसनातल्या, दुसरे ट्रॉमाचं, म्हणजे मानसिक धक्क्याचं, काम जास्त करणारे. अॅसेसमेंट एकदाच परवडेल, भेटी महिन्यातून एक. त्या हिशोबानेच सांगा.

शंभर_नंबरी: आधी एमआरआय परत काढा, ३ टेस्लाच्या जास्त ताकदीच्या मशीनवर. आम्ही काढलाच.

निवांत: +१. आणि आठवड्यातून दोन सेशन तरी हवीतच, आमच्या भावजींना त्यानेच फरक पडला.

मृगजळ: महिन्यातून एकच, वर लिहिलंय.

खडूस_काका: सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. मग सरळ सायकियाट्रिस्टच का नको?

रानजाई: काका, औषध आणि चाचण्या ही दोन वेगळी कामं.

पुनर्वसन विभागात काम करते म्हणून सांगते. सौम्य इजेत एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. पेशींचे तंतू ताणले गेले तरी साध्या स्कॅनवर दिसत नाहीत. दोघांनाही विचारा: क्लिनिकल सायकॉलॉजीनंतर न्यूरोसायकॉलॉजीचं वेगळं, कुणाच्या देखरेखीखाली प्रशिक्षण झालंय का? नुसती कार्यशाळा पुरत नाही. चाचण्यांआधी दादाचं शिक्षण, नोकरी, आधीचा स्वभाव विचारतात का? कारण स्कोअर त्याच्याच आधीच्या पातळीशी ताडायचा असतो. घरच्यांशी वेगळं बोलतात का? पेशंटला स्वतःतला बदल कधीकधी कळतच नाही. झोप, डोकेदुखी, चालू औषधं न बघता सगळं खापर मेंदूवर फोडणारा नको.

खडूस_काका: अपघात आठवतच नसेल तर ट्रॉमा कसला?

रानजाई: तरी होतो. मधला तुकडा पुसला जातो, पण आधीची भीती, रस्त्यावर शुद्ध आल्यावरचा गोंधळ, हॉस्पिटल राहतं ना. विसराळूपणा, चिडचिड, झोपमोड मेंदूच्या इजेतही दिसते आणि पीटीएसडीतही (धक्क्यानंतर रेंगाळणाऱ्या मानसिक आजारात). दोन्ही एकदम असू शकतं, म्हणून दोन्ही बाजू बघणारा माणूस हवा.

टिकटिक: आईला ब्रेन गेमचं अॅप दिलं, आता सगळ्या लेव्हल पार! 😎

रानजाई: गेममध्ये हात बसतो, पण गॅस बंद करायची आठवण त्याने राहीलच असं नाही. त्याला वही आणि अलार्म बरे.

सुपारी: आमच्या हातात जाडजूड रिपोर्ट ठेवला, आत नुसते पर्सेंटाइल. समजावलं कुणीच नाही. फीडबॅकची बैठक फीमध्ये धरलीय का, ते आधी विचारा.

निवांत: दोन ठिकाणी चाचण्या करून ताडून बघा.

रानजाई: नको! लागोपाठ केल्या की सरावाने स्कोअर वाढतो. तुम्हाला एकच परवडणार असेल तर पुनर्वसनवाल्या बाईंकडे करा.

सुपारी: बाईंनाच +१.

मृगजळ: सगळ्यांचे आभार. ट्रॉमावाल्या सरांची वेळ घेतली. बाईंच्या फोनवर दादा हं-हं करत राहिला, सरांशी मात्र आपणहून बोलला. वेगळं प्रशिक्षण त्यांचंही झालंय, विचारून घेतलं. चाचण्या ते झोप सुधारल्यावर करणार आहेत, रानजाईताईंना पटणार नाही कदाचित. डिस्चार्जचे कागद आणि औषधांची यादी काढून ठेवलीय.