मदत हवी आहे: ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांना एक्स-रे पुरेसा की एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन)?

आम्ही तासगावचे. माझे थोरले चुलते मुंबईकडे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते, कोरडा माल मिसळायच्या खात्यात. निवृत्तीनंतर गावी आले. आता बांधापर्यंत चाललं तरी दम लागतो, कोरडा खोकला आहे. ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुफ्फुसं निबर होण्याचा आजार, धूळ नाकातोंडात गेल्यावर २०-३० वर्षांनीही डोकं वर काढतो, म्हणून जीवाला घोर लागलाय.

छातीचा एक्स-रे नॉर्मल आला. पण सुरुवातीचा ॲस्बेस्टॉसिस आणि फुफ्फुसाच्या आवरणावरचे चट्टे एक्स-रेत निसटू शकतात, एचआरसीटीत जास्त स्पष्ट दिसतात. उताणं झोपवल्यावर फुफ्फुसाच्या मागच्या भागात नुसत्या वजनानेही धूसरपणा येतो. तो खरा आजार आहे का हे पालथं झोपवून काढलेल्या स्कॅनमध्ये कळतं. एक्स-रेवर समाधान मानावं असं मला तरी वाटत नाही.

सांगली-मिरजेत पालथं झोपवून एचआरसीटी कुठे काढतात? धुळीच्या आजारांचे फोटो वाचायचा अनुभव असलेले रेडिओलॉजिस्ट कोण? ॲस्बेस्टॉसिस ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. तिथल्या दाव्याला एचआरसीटीचा रिपोर्ट चालतो, की आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) वर्गीकरणाप्रमाणे वाचलेला एक्स-रेच मागतात? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.