मदत हवी आहे: जपानमध्ये ज्येष्ठांचा रग्बी सामना बघायला जातोय, काय लक्षात ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी टोकियोत राहतो. आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक साहेब अजूनही रग्बी खेळतात. येत्या रविवारी कुमागायाला त्यांच्या क्लबचा प्रदर्शनीय सामना आहे आणि त्यांनी आम्हाला सहकुटुंब बोलावलंय. जायचं नक्की आहे. पण मला रग्बी जेमतेम कळतं, म्हणून जाणकारांना विचारतोय.

इथे चाळिशी ओलांडलेल्यांचे रग्बी क्लब बरेच आहेत. टोकियोचा फुवाकू क्लब तर १९४८ पासूनचा. या सामन्यांत शॉर्ट्सचा रंग वयावर ठरतो: चाळिशीत पांढरा, पन्नाशीत गडद निळा, साठीत लाल, सत्तरीत पिवळा, ऐंशीत जांभळा आणि नव्वदी गाठली की सोनेरी. अंगावर येणारा गडी किती वर्षांचा आहे, हे समोरच्याला लांबूनच कळतं. साहेबांनी यंदा सत्तरी गाठली, त्यामुळे लाल शॉर्ट्स सुटली. पिवळ्या शॉर्ट्समधला त्यांचा हा पहिलाच सामना. परवा स्टेशनवर भेटले तेव्हा भर गर्दीत पिशवीतून ती कोरी शॉर्ट्स काढून दाखवली, लेबलसकट! कॉलेजपासून हुकर म्हणून खेळलेत. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे गडी वाकून एकमेकांना भिडतात आणि ढकलतात त्यात, घासून घासून दोन्ही कान जाड, गाठाळलेले झालेत. एरवी अगदी मितभाषी माणूस.

माझी खरी अडचण अशी आहे. 'या वयात काय खेळता हो!' असं कोणी म्हटलं की ते हसून विषय बदलतात. त्यांना खेळाडू म्हणून दाद हवी असते, आणि मलाही तशीच द्यायची आहे. मग हुकरचा खेळ बघताना नजर कुठे ठेवायची? कोणत्या क्षणी टाळी वाजवायची?

दुसरं, लेक सात वर्षांची आहे. तिचा या आजोबांवर फार जीव. त्यांना कोणी खाली पाडलं तर ती रडेल अशी भीती वाटते. तिला आधी काय सांगून ठेवू? आणि जाताना हातात काय न्यावं, सामना संपल्यावर लगेच भेटायला जावं की थांबावं, हेही सांगा.

प्रतिसाद १

वा, फार छान निमंत्रण आहे. नक्की जा.

मी स्वतः प्रॉप खेळायचो, म्हणजे हुकरच्या खांद्याला खांदा लावून. स्क्रममध्ये पहिल्या फळीत मधला तो हुकर. चेंडू आत आला की पायाने मागे ओढायचं काम त्याचं. ज्येष्ठांच्या सामन्यांत स्क्रममध्ये ढकलण्यावर सहसा मर्यादा घालतात, पण पकड, वाकण्याची उंची आणि पायाची वेळ यांत अनुभव दिसतोच. लाइनआउटला, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू पुन्हा आत फेकताना, तो बहुतेक वेळा हुकरच फेकतो. दोन रांगांच्या बरोबर मधून सरळ गेला पाहिजे आणि उडी मारणाऱ्याच्या हाती नेमक्या क्षणी पोचला पाहिजे. तो जमला की मोकळेपणाने टाळी वाजवा, साहेबांना ती कुठून आली ते कळेल.

आणखी एक बघा. खाली पडताना चेंडू आपल्या माणसांच्या बाजूला कसा ठेवतात. चांगला खेळाडू पडता पडता अंग वळवतो आणि हात लांब करून चेंडू मागे सरकवतो. आपल्याकडचे लोक ट्रायवर ओरडतात (ट्राय म्हणजे समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं; त्याचे ५ गुण, त्यानंतर मिळणाऱ्या किकचे २), पण ट्राय अशाच दहा गोष्टींतून घडतो. कोणी किक मारायला उभा राहिला की मात्र गप्प बसायचं.

लेकीला घरीच सांगा की खाली पाडणं हा खेळाचा भाग आहे, कबड्डीत पकड करतात तसाच. टॅकल खांद्याच्या रेषेखालीच करायचा, हातांनी धरायचं आणि पाडल्यावर लगेच सोडायचं. पाडणारा उठतो का, सोडतो का, हे तिलाच बघायला सांगा. काम मिळालं की मुलं घाबरत नाहीत.

प्रतिसाद २

कुमागायाचं ऊन हलक्यात घेऊ नका. २०१८ मध्ये तिथे ४१.१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. २०१९ च्या विश्वचषकाचे सामने झाले ते मोठं स्टेडियम त्याच परिसरात आहे, पण क्लबचे सामने बाजूच्या मैदानांवर होतात आणि तिथे सावली मिळेलच असं नाही. लेकीची टोपी आणि भरपूर पाणी न्या. कचरा परत आणायला एक पिशवीही ठेवा, इथे सगळे आपला कचरा घरी नेतात.

न्यायचंच असेल तर सुट्या पुड्यांतला खाऊ न्या, सगळ्या संघात वाटता येतो. संपल्या संपल्या मैदानात जाऊ नका. दोन्ही संघ हस्तांदोलन करतात, प्रेक्षकांसमोर येऊन वाकून नमस्कार करतात, तोवर जागेवरच उभं राहून टाळ्या वाजवा. नंतर दोन्ही संघांचा एकत्र खाण्यापिण्याचा कार्यक्रम असतो. त्याला साहेबांनी बोलावलं तरच थांबा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. लाइनआउटचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, आता सगळं लक्ष तिथेच ठेवणार. लेकीला 'सोडलं का' बघायचं काम दिलंय आणि ती आतापासून नियम विचारून भंडावतेय. तिला पिवळ्या कागदावर साहेबांचं नाव लिहून फलक न्यायचाय. ज्येष्ठांच्या सामन्यात फलक चालतो ना, की त्यांना अवघडल्यासारखं होईल?