आजोबांच्या जुन्या टाटा मर्सिडीज ट्रकचा पत्रा सडलाय, घरीच काय काय करता येईल?

मखमलाबादचा_नातू:
नमस्कार मंडळी. आमच्या मळ्यात आजोबांचा ट्रक उभा आहे, टाटा मर्सिडीज बेंझ, तोच नाकवाला, पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा (स्टार) असलेला. कागदावर १९६६ लिहिलंय. आजोबा त्याच्यावर लासलगावचा कांदा घेऊन कसारा घाट उतरायचे. ते गेल्यापासून म्हणजे साधारण अठरा वर्षं गाडी चिंचेखाली उभीये. इंजिन हाताने फिरतंय, ते नंतर बघू, खरा घोळ पत्र्याचा आहे. ड्रायव्हर साइडच्या दरवाज्याच्या खालच्या कडेत बोट आरपार जातं, दोन्ही मडगार्डची जाळी झालीय आणि केबिनच्या फ्लोअरमधून खालची माती दिसते.
नाशिकच्या द्वारकाला एका डेंटरला फोटो दाखवले तर तो म्हणे सगळं काढून नवीन पत्रा मारून देतो, दुसरा म्हणाला भंगारात द्या. दोघांचंही ऐकायचं नाहीये. माझ्याकडे ग्राइंडर आहे, ड्रिल आहे, मेव्हण्याचं आर्क वेल्डिंग मशीन आहे आणि रविवार आहेत.
सुरुवात कुठून करू? अंबडला नेऊन सँडब्लास्टिंग (प्रेशरने वाळूचा मारा) करून आणलं तर एका दिवसात सगळा गंज जाईल का? आणि मेन म्हणजे त्याच सडलेल्या दरवाज्यावर पेंटरने हाताने काढलेलं आजीचं नाव आहे, पिवळ्यात लाल सावली देऊन. ते जाता कामा नये.

अंबड_फॅब्रिकेशन:
भाऊ आधी ग्राइंडर खाली ठेव. एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि हलका हातोडा घे आणि गाडीभोवती फिर. ठोकल्यावर टण् वाजला तर पत्रा जिवंत, भद् वाजला तर आतून गेलाय, तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघ, घुसला की खडूने खूण कर. खुणा झाल्या की कळेल किती कापायचंय. लोक हेच करत नाहीत, वरून पुट्टी थापतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगे येतात, कारण पुट्टी पाणी पिते.
दुसरं, तुझी केबिन बहुतेक कंपनीची नसेलच. त्या काळी टेल्को (म्हणजे आत्ताची टाटा मोटर्स) चासी आणि काऊल (बोनटच्या मागचा, काचेखालचा पत्रा) द्यायची, मागची केबिन लोकल बॉडीवाला लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा मारून करायचा. तसं असेल तर गंज पत्र्याच्या मागे लाकडाला लागून बसलेला असतो, तिथे पाणी मुरतं आणि वाळतच नाही. लाकूड नरम झालं असेल तर आधी ते बदल, नाहीतर नवीन पत्रा कशाला ठोकणार?
आणि मेव्हण्याचं आर्क मशीन केबिनला लावू नकोस. केबिनचा पत्रा १८-२० गेजचा असतो म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, त्यात गंजून अर्धा झालेला, रॉड टेकवला की भोक आणि भोक बुजवायला गेलास की मोठं भोक. मिग पाहिजे, म्हणजे रॉडऐवजी बारीक वायरवर चालणारं वेल्डिंग मशीन, ०.८ मिलिमीटरची वायर. भाड्याने मिळतं, नाहीतर पॅच कापून फिट करून ठेव आणि एखाद्या वेल्डरला एका दिवसासाठी मळ्यात बोलव. सडलेला भाग चकचकीत धातू लागेपर्यंत काप, त्याच जाडीचा तुकडा टोकाला टोक भिडवून बसव आणि सलग ओढू नकोस, एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, हात लावण्याइतकं गार झालं की मधला. सलग ओढलंस तर पत्रा पापडासारखा वाकेल. चासीला मात्र काहीही झालं तरी स्वतः वेल्डिंग करायचं नाही.
सँडब्लास्टिंगला माझी हरकत नाही, काम झटपट होतं.

जीपवेडा_सिन्नर:
माझी आहे हरकत 😄 मी जुन्या जीपचं बोनट ब्लास्टिंगला दिलं होतं, वाळू जाड आणि प्रेशर फुल्ल, परत आलं तेव्हा बोनट लाटांसारखं. सपाट मोठा पत्रा वाळूच्या माराने ताणला जातो, तो मग कुणाच्या बापाने सरळ होत नाही. चासी, स्प्रिंगचे ब्रॅकेट, व्हील रिम, हे खुशाल ब्लास्टिंगला दे. दरवाजे, बोनट, मडगार्ड हाताने. आणि घरी कंप्रेसरला वाळू लावून जुगाड करू नकोस, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते, सिलिकोसिस होतो, त्याला औषध नाही.
छोट्या पार्टसाठी (बिजागऱ्या, हँडल, आरशाचे दांडे) सगळ्यात स्वस्त काम म्हणजे प्लॅस्टिकचा टब, पाणी, धुण्याचा सोडा आणि जुना बॅटरी चार्जर. चार्जरची मायनस पार्टला, प्लस भंगार लोखंडाच्या पट्टीला, दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. रात्रभरात गंज काळा चिखल होऊन सुटतो, ब्रशने घासला की खाली चांगलं लोखंड. दोन गोष्टी लक्षात ठेव, प्लसला स्टीलची म्हणजे स्टेनलेसची पट्टी कधीच नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, आणि टब उघड्यावर ठेव, त्यातून हायड्रोजन निघतो, शेजारी बिडी ओढत बसू नको.
मोठ्या पण नाजूक पार्टला काकवीचं पाणी, एक भाग काकवी नऊ भाग पाणी. दोन-तीन आठवडे लागतात, वास असा येतो की घरचे बोलायचं बंद करतात, पण चांगल्या लोखंडाला धक्का नाही लागत. अ‍ॅल्युमिनियमचा पार्ट चुकूनही टाकू नको, खाऊन टाकतं. कारखान्याची मळी आणायला जाऊ नको, तिच्यावर एक्साइजचे नियम आहेत, गुऱ्हाळातली खराब काकवी माग.

भंगारवाला_भो:
पुट्टी मारा, रंग द्या, लग्नाच्या सिझनला नवरदेवाला भाड्याने द्या. विषय संपला भो 😂

पंचवटी_पेंटर:
वरच्या भावाकडे लक्ष देऊ नका. दादा, नावाचं सांगतो, कारण मी स्वतः गाड्यांवर नावं काढलीयेत, आता सगळे स्टिकर लावतात. आधी उजेडात सरळ समोरून फोटो काढा आणि बटर पेपर लावून पेन्सिलीने नाव छापून घ्या, मापासकट. म्हणजे काही झालंच तरी पुन्हा काढता येईल. दरवाजा सडतो तो खालच्या चार-पाच इंचात, नाव असतं मधोमध. तेवढी खालचीच पट्टी कापायची, वेल्डिंगच्या वेळी वरच्या बाजूला ओली जाड गोणपाटाची घडी लावायची आणि एका वेळी एकच टाका, रंग जळणार नाही. नाव असलेला भाग घासायचा नाही, साबणाच्या पाण्याने पुसून वर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, जुना रंग परत उठतो. बाकीच्या ठिकाणी जुना रंग काढताना ओल्या पॉलिश पेपरनेच घासा, त्या काळच्या रंगात शिसं असायचं, कोरडं घासलं की धूळ पोरांच्या पोटात.
प्रायमरचं म्हणाल तर नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात उभी करू नका, त्याच्यातून पाणी झिरपतं. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, पुट्टी लागलीच तर त्याच्या वर आणि पातळ. वेळ सांभाळा, उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी झाकला पाहिजे, रात्रीच्या दवाने सकाळी लाल होतो. दसऱ्यानंतर सुरू करा. पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, इपॉक्सी वाळतच नाही, तेव्हा अकरा ते तीन एवढंच काम. वरचा रंग सिंथेटिक इनॅमल, ब्रशने मारला तरी ट्रकला शोभतो. टू-के पीयू रंग (हार्डनर मिसळून मारतात तो) घरी स्प्रे करू नका, त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या विषारी रसायनाला साधा मास्क पुरत नाही.

मखमलाबादचा_नातू:
मंडळी तीन रविवार झाले, अपडेट देतो. हातोडा घेऊन फिरलो, वाटलं होतं त्यापेक्षा अर्धंच गेलंय. बोनट ठणठणीत आहे! ते ब्लास्टिंगला द्यायचं वाचलं. दरवाज्याचं आतलं कव्हर काढलं तर आत दोन-अडीच किलो माती आणि चिंचेचा पाला, खालची पाणी जायची तिन्ही भोकं बुजलेली, म्हणजे अठरा वर्षं दरवाजा तळ्यासारखा भरत होता आणि आम्ही बाहेरून गंज बघत बसलो. भोकं मोकळी केली. आत काय मारू, ब्रश तर जात नाही.
नाव बटर पेपरवर घेतलं. आईने कागद फ्रेम करायला मागितलाय, सांगितलं आधी काम होऊ दे.

अंबड_फॅब्रिकेशन:
वेल्डिंग आणि रंग झाला की आत मेण-तेलाचा कॅव्हिटी वॅक्स मार, लांब नळीचा स्प्रे मिळतो. वेल्डिंगच्या आधी अजिबात नको, पेटेल. त्यावरून आठवलं, वेल्डिंगच्या दिवशी बॅटरी काढ, सीटचा फोम काढ, डिझेलची टाकी लांब ठेव आणि तो चिंचेचा पाला आधी झाडून घे.

जीपवेडा_सिन्नर:
कागदाचं पण बघून ठेव. २०२१ ला केंद्राने विंटेजचे नियम काढले, ५० वर्षांवरची मूळ रूपातली गाडी, नंबरमध्ये व्हीए, धंद्याला वापरायची नाही. पण ते दुचाकी-चारचाकीसाठी आहेत आणि तुझी आहे सहा चाकांची 😄 आरटीओत जाऊन लेखी विचार, एजंटला नको.

मखमलाबादचा_नातू:
विचारतो. हौद्याच्या फाळक्याचं लाकूड पण वाळवीने खाल्लंय, त्याचं काय?

पंचवटी_पेंटर:
त्याच्यावरची अक्षरं आधी छापून घ्या, मग सुताराला बोलवा.